रोज संध्याकाळी सात

आषाढीला आमच्याकडे भाताची लावणी असते, म्हणून कोकणातले वारकरी पंढरपूरची माघी वारी धरतात. पौषाच्या वद्य पक्षात रत्नागिरीच्या विठ्ठल मंदिरातून पताका बाहेर पडल्या, तेव्हा माझी नाडी ७६ होती. पूर्ण ६० सेकंद मोजलेली. ठोके अनियमित असले की १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. दोन ठोके जवळजवळ येतात, मग एक लांबतो, आणि आकडा चुकतो. बीपीचं मशीनसुद्धा अशा नाडीला फसतं. तीन मापं घेऊन सरासरी धरावी.

लहानपणच्या सांधेतापाने माझी हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झाली, आणि तिच्या वरचा कप्पा आता आकुंचन न पावता नुसता थरथरतो. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून वॉरफरिन. लोक म्हणतात रक्त पातळ करायची गोळी, पण रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप म्हणजे आयएनआर. तो तपासावा न लागणाऱ्या नव्या गोळ्या पुष्कळांना चालतात, अशा आखडलेल्या झडपेला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. माझा आयएनआर २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो. निघायच्या आठ दिवस आधी २.४ आला होता.

हातखंबा, पाली, नाणीज. कुठल्या मुक्कामी कुणाचं कीर्तन झालं ते आता आठवत नाही. चौपदरीकरणाची तांबडी धूळ आठवते, आणि तिच्यातूनही येणारा आंब्याच्या मोहराचा वास.

वारीत वार विसरतात, तिथी तेवढी लक्षात राहते. माझा डोस एक दिवस ५ मिलिग्रॅम, एक दिवस ४. तो तिथीवर बेतला तर घोटाळा होतो, कारण एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. मी पाकिटावर पेनाने तारखा घातल्या आणि हरिपाठानंतर सातची वेळ धरली. एक संच कमरेच्या पिशवीत, दुसरा खांद्यावरच्या थैलीत. सामानाच्या टेम्पोत एकही नाही, कारण टेम्पो पुढच्या मुक्कामाला गेला की तो रात्रीपर्यंत भेटत नाही. गोळी राहिली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाहीत.

षट्तिला एकादशी वाटेतच आली. उपास केला, पाणी मात्र कमी केलं नाही. एका दिवसाच्या उपासाने फार बिघडत नाही. बिघडतं ते चार-पाच दिवस जेवणच तुटल्यावर: पालेभाजीतलं के जीवनसत्त्व कमी पडतं आणि आयएनआर चढतो. पालेभाजी सोडायचीही नाही. घरी आठवड्यात जितका माठ आणि मुळ्याचा पाला खाते, तितकाच पंगतीत घेते. वाढणाऱ्या बायका आग्रह करतात, तेव्हा पानावर हात आडवा धरावा लागतो, आणि त्यांचा चेहरा उतरलेला पाहून जीव तुटतो.

साखरप्याच्या अलीकडे दुपारी उजव्या टाचेला फोड आला. पाण्याचा नव्हे, रक्ताचा, जांभळट, रुपयाएवढा. डांबर तापलं होतं. एका घराच्या पडवीत बसले. आतून म्हातारी आजी आली, उकड्या तांदळाची पेज दिली, आणि न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. तिच्या हातात उग्र वासाच्या बामची बाटली होती, पदराला सुई आणि काळा दोरा. फोडातून दोरा ओवून ठेवायचा, पाणी आपोआप निथळतं, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. मी पाय मागे ओढला. तिला वाटलं मला विटाळ वाटतो. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही.

तिला सांगितलं, सुईने टोचलं तर रक्त लवकर थांबायचं नाही, आणि धुळीत जखम पिकली की नव्या औषधांची भानगड. बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते कातडीतून आत जातं, दिवसातून तीन-चार वेळा दोन्ही पायांना चोळलं तर वॉरफरिनचा जोर वाढू शकतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अगो बाय, मग खोबरेल तरी चालंल ना?"

चाललं. घाण्यावरचं तेल होतं. तिने पोटऱ्या चोळल्या, टाच सोडून, अगदी हलक्या हाताने, कारण जोरात दाबलं की मला निळे डाग पडतात हेही तिने विचारून घेतलं होतं. फोडाची कातडी तशीच राखून मी वर गॉज ठेवला, कागदी पट्टी लावली, दुसरा मोजा चढवला. फोड फुटलाच असता तर स्वच्छ पाण्याने धुऊन, पाय उंच करून, घड्याळ लावून १५ मिनिटं दाबायचं. मधे उघडून बघायचं नाही, धरलेली खपली निघते. आजी दारात उभी राहून हात जोडत होती. मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, "माझा नमस्कार सांग त्याला."

त्याच संध्याकाळी मुक्कामावरच्या औषधांच्या मंडपात एक तरुण डॉक्टर कमरेत टोचायचं दुखण्यावरचं इंजेक्शन घेऊन तयार होता. स्नायूत टोचलं की आत रक्त साकळू शकतं, शिवाय त्या जातीच्या वेदनाशामकांनी पोटातून रक्तस्राव होतो. तुळशीच्या माळेबरोबर गळ्यात वॉरफरिन चालू असल्याचं कार्ड असतं, ते दाखवलं. पॅरासिटामॉल मिळाली, तीही बेताने, सलग बरेच दिवस भरपूर घेतली तर आयएनआर वाढतो. पोट बिघडल्यावर दिंडीत हातोहात फिरते ती मेट्रोनिडॅझोल तर वॉरफरिनबरोबर फारच घातक. एक बुवा म्हणाले, नाम घेणाऱ्याला गोळ्या कशाला? मी उत्तर दिलं नाही. रात्री काळी शौच, लाल लघवी, नवी डोकेदुखी, यांतलं काही नाही ना हे मनाशी तपासलं आणि झोपले. आडवं पडल्यावर धाप लागत नव्हती, तेही पाहिलं.

आंबा घाटाच्या पायथ्याशी मृदंगाचा ठेका वाढला, पावलंही वाढली. अरुंद झडपेला वेग सोसत नाही. ठोके जलद झाले की वरचा कप्पा रिकामा व्हायला वेळ उरत नाही, रक्त फुप्फुसात तुंबतं. नाडी धीमी ठेवायला मेटोप्रोलोल घेते, तरी चढावर माझी खूण अभंगाची आहे. एका श्वासात चरण म्हणता आला तर चालायचं, मधे तुटला तर थांबायचं. तिसऱ्या वळणावर "ज्ञानोबा माउली" म्हणताना "माउली" राहून गेलं. दगडावर बसले. डॉक्टरांनी मला आखून दिलेली हद्द अशी: पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर १०० च्या खाली. पाचव्या मिनिटाला ११८.

दिंडी पुढे गेली. वीणेकरी शेवटी गेले, त्यांच्या पायांना मी बसूनच हात लावला. खूप रडू आलं. मग दिंडीचा टेम्पो खालून आला, तेव्हा हात केला. पिंपांमधे जागा करून बसले. खाली काजळी नदीचं खोरं धुक्यात बुडत होतं, आणि आमची शेवटची पताका वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. माथ्यावर पोचलो तेव्हा सहा पन्नास झाले होते. दिंडी यायला अजून तास होता. मी एकटीनेच हरिपाठ सुरू केला. सातला ४ मिलिग्रॅमची पाळी होती.