आईने आज चहा ओतला

आज कित्येक महिन्यांनी आईने स्वतःच्या हाताने चहा गाळला.

तिला मॅक्युलर डीजनरेशन आहे, डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेचं दिसतं, मधलं पुसट. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही हे कळलं आणि ती गप्प गप्प झाली. मंडई बंद, भिशी बंद. आणि मी काळजीपोटी तिच्या हातातलं एकेक काम काढून घेत गेले. चुकलंच माझं.

सकाळी लो व्हिजनवाल्या, म्हणजे उरलेली नजर वापरायला शिकवणाऱ्या ताईंनी तिला नजर किंचित बाजूला नेऊन समोरचा चेहरा कसा टिपायचा ते शिकवलं. मग नोटा हातात दिल्या. शंभराच्या कडेला ४ उंचावलेल्या तिरक्या रेघा, पाचशेच्या कडेला ५. आई कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसली. "पाच! ही पाचशेची!" म्हणाली तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मोबाईलमध्ये रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲपही घेतलंय, ते नोट ओळखून बोलून सांगतं.

आणि कप! आमचे सगळे चॉकलेटी. त्यात चहाची पातळी तिला दिसणार कशी? इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. येताना तुळशीबागेतून पांढरे कप आणले, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी लावली.

संध्याकाळी थोडा चहा ओट्यावर सांडला. मी फडकं घेऊन उठले, तर म्हणाली, "राहू दे, मी पुसते. आणि शनिवारी मंडईत जाऊ. पैसे मी मोजणार."