वायफायवाला घेऊ की साधा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबे उघडताना, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असतानाही कुणीतरी विचारलं, ‘गाण्यांचा प्लेयर घ्यायचाय. वायफाय-ब्लूटूथवाला घेऊ की साधा चालेल?’ नात्यात मी गाणी भरून देणारा म्हणून प्रसिद्ध. कुणाचं कार्ड, कुणाचा पेनड्राइव्ह, कुणाच्या गाडीतला स्टिरिओ, सगळं माझ्याकडे येतं, त्यामुळे हा प्रश्नही माझ्याचकडे येतो. (भाचा वेगळंच विचारतो, ‘मामा, हातात फोन असताना प्लेयर कशाला?’ त्याला माझं एकच उत्तर. भीमसेनजींचा आलाप चालू असताना मला कर्ज देऊ करणाऱ्या मुलीचा फोन नको असतो.)

खोक्यावर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच ओळीत छापतात, तिथेच घोळ होतो. दोन्ही बिनतारी असली तरी दोघांची कामं वेगळी. ब्लूटूथ प्लेयरमधलं गाणं कानापर्यंत नेतं. वायफाय बाहेरचं गाणं प्लेयरमध्ये आणतं. पहिलं रोज लागतं, दुसरं कधीमधी, आणि पैसे मात्र आपण दुसऱ्याचे जास्त मोजतो.

ब्लूटूथबद्दल माझं मत सरळ आहे, घ्याच. सोमवारी पहाटे पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत वायरचे हेडफोन लावून एकदा चढून बघा. कुणाच्या तरी सॅकच्या पट्ट्यात वायर अडकते आणि कानाला असा हिसका बसतो की झोपच उडते. आवाज कमी दर्जाचा होतो, हे खरं. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला 1411 किलोबिट लागतात, ब्लूटूथची नेहमीची पद्धत तो साधारण 328 पर्यंत दाबून पाठवते. एमपी3 तर आधीच दाबलेली, तिला पुन्हा दाबायचं. पण गाडीच्या खडखडाटात हा फरक ऐकू येतो असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. रात्री घरात, दिवे मालवून, नुसता तानपुरा चालू असताना मला तो जाणवतो, तेव्हा मी वायर लावतो. आणखी एक गोष्ट. प्लेयर पँटच्या मागच्या खिशात ठेवला की गर्दीत आवाज तुटक येतो. आपल्या अंगात बहुतेक पाणीच, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. प्लेयर वरच्या खिशात ठेवा, निम्म्या तक्रारी मिटतील.

आता आईची गोष्ट. तिला सकाळी आकाशवाणी लागते. म्हणून तिला एफएम असलेला छोटा प्लेयर घेतला होता, सोबत खोक्यातलेच वायरवाले इअरफोन. वायर चष्म्याच्या दोरीत गुंतते म्हणाली, तर मी मोठ्या हौसेने बिनतारी आणून दिले. गाणी छान वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन, ‘अरे, रेडिओ गेला.’ मी म्हटलं, बटण दाबून बघ. दाबलं. बंद करून चालू कर. केला. संध्याकाळी जाऊन बघतो तर स्क्रीनवर लिहून आलेलं, इअरफोन जोडा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अशा छोट्या प्लेयरना वेगळी अँटेना नसते, इअरफोनची वायर हीच त्यांची अँटेना. मी वायर काढून घेतली, त्याबरोबर आईचं स्टेशनही घेऊन गेलो. एवढी वर्षं गाणी भरून देणाऱ्याला हे आधी सुचायला हवं होतं. आई म्हणाली, ‘म्हणजे सोय केलीस आणि रेडिओ नेलास.’ आता तिच्याकडे दोन्ही आहेत. बातम्यांपर्यंत वायर, पोळ्या करताना बिनतारी.

वायफायचा मला पूर्वी फार सोस होता. 2006-07 च्या सुमाराला आम्ही एका फोनमधून दुसऱ्यात ब्लूटूथने गाणी पाठवायचो. चार एमबीच्या गाण्याला मिनिटभर तरी लागायचं. तेवढा वेळ दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरायचो, त्याची काही गरज नव्हती, पण आधीच्या इन्फ्रारेडला फोन समोरासमोर धरावे लागत, ती सवय जात नव्हती. अशात नोव्हेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत झून नावाचा प्लेयर काढल्याचं वाचलं. 30 जीबी, आणि आत चक्क वायफाय! तेव्हाच्या आयपॉडमध्ये ते नव्हतं. मी हरखून गेलो.

मग पुढचं वाचलं. त्या वायफायने इंटरनेटवर जाता येत नव्हतं. ऑनलाइन दुकानातून गाणं विकत घेता येत नव्हतं. कॉम्प्युटरवरून गाणी भरायलासुद्धा वायरच लागायची. जवळच्या दुसऱ्या झूनवाल्याला गाणं पाठवायचं, एवढंच त्याचं काम. तेही कसं? त्याने तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस झाले, की गाणं संपलं. त्याने ते पुढे तिसऱ्याला द्यायचं नाही. वाटीभर साखर उसनी द्यावी आणि चहा तीनच कप करायचा अशी अट घालावी, तसा हा प्रकार. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेजारी दुसरा झूनवाला सापडायला हवा! वर्षभराने बिनतारी गाणी भरण्याची सोय आली, तीन दिवसांची अट गेली, तीनदाची राहिली. आपल्याकडे तो अधिकृतपणे कधी विकायला आलाच नाही. नंतर प्लेयर बंद झाला, 2015 च्या नोव्हेंबरात त्याची गाण्यांची सेवाही.

याउलट 1979 चा सोनीचा पहिला वॉकमन. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. बटण दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि छोट्या माइकमधून दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. वाटून ऐकायचं म्हणजे काय, ते त्या दोन भोकांना जास्त कळलं होतं असं मला वाटतं.

आजच्या प्लेयरमधलं वायफाय इतकं खुळचट नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये प्लेयरने दाखवलेला पत्ता टाकायचा आणि गाणी तिकडे ढकलायची, हे मी करून बघितलंय. दहा-बारा गाण्यांना झकास. पण 20 जीबी भरायला घेतले तेव्हा सेकंदाला तीनेक एमबी वेग मिळाला, म्हणजे जवळजवळ दोन तास. तेच कार्ड काढून रीडरमध्ये घातलं तर चहा उकळेपर्यंत काम होतं.

आणि थेट नेटवरून ऐकणं? प्लेयरला सिम नसतं. गाडीत फोनचं हॉटस्पॉट लावायचं, म्हणजे एका गाण्यासाठी दोन बॅटऱ्या जाळायच्या. त्यात खंडाळ्याचा घाट लागला की बोगद्यामागून बोगदा, रेंज गेली की बंदिश समेवर यायच्या आधीच गप्प. ॲपमध्ये गाणी आधी उतरवून ठेवता येतात, हे मान्य. पण प्लेयरमधलं अँड्रॉइड जुनं झालं की ॲपवाले एक दिवस हात वर करतात. यंत्र ठणठणीत, कार्डावरची गाणी ठणठणीत, फक्त जे वायफायच्या भरवशावर घेतलं ते गेलं. झूनचं झालं तेच थोड्या उशिराने.

तरी वायफायवालाच घ्या असं मी काहींना सांगतो. आमच्या ऑफिसात एक आहेत, घरी लॅपटॉप नाही, असण्याची गरजही नाही. त्यांना कार्ड, फोल्डर, रीडर यातलं काही नको. रात्री घरच्या वायफायवर चार गाणी उतरवायची, सकाळी ऐकत निघायचं. त्यांना साधा प्लेयर दिला असता तर दर महिन्याला ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले असते. त्यांच्या वायफायचा खरा फायदा मला झाला.

माझ्या प्लेयरमध्ये दोन्ही आहे. वायफाय मी बंद ठेवतो, बॅटरी टिकते. गेल्या रविवारी एका मित्राला दाखवायला चालू केलं, तर प्लेयर जोडलाच जाईना. दोन वेळा पासवर्ड टाकला, तिसऱ्यांदा बायको आतून म्हणाली, ‘अहो, राउटर बदलून पाच महिने झाले.’