वीस बोल्टांचा हिशेब

शनिवार, रात्री उशिरा

आज दुपारभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णाच्या लेथवर बसून होतो. अण्णाचं काम लूमचे शाफ्ट आणि बुश करण्याचं, पण नट-बोल्टाच्या बाबतीत मी त्याचा शब्द शोरूमवाल्यापेक्षा जास्त मानतो. विषय माझाच होता. माझ्या जुन्या पोर्श केमन गाडीला टायटॅनियमचे व्हील बोल्ट घालायचं खूळ बरेच दिवस डोक्यात आहे.

"काय बे, पोलादानं तुझं काय वाकडं केलंय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

काहीच नाही, हेच खरं. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, बोल्टासाठीच्या टायटॅनियम मिश्रधातूची ४.४३. म्हणजे त्याच मापाचा बोल्ट साधारण ४४ टक्के हलका. ऐकायला झकास. पण एका चाकाला पाच, चार चाकांना वीस; सगळे मिळून वाचणार जेमतेम किलोभर. शिवाय पोर्शचे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात, म्हणजे मध्यापासून ६५ मिलिमीटरवर. टायरची कड जवळपास ३२० वर. फिरणाऱ्या वजनाचा परिणाम अंतराच्या वर्गात वाढतो, म्हणून बोल्टातला एक ग्रॅम टायरच्या कडेच्या एका ग्रॅमच्या चोविसाव्या हिश्शाइतकाच जाणवणार. अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, "शेंगाचटणीचा डबा डिकीत विसरलास की तुझा फायदा संपला."

गंजत नाही म्हणून घ्यावेत, तर सोलापुरात कुठे खारा वारा आहे? इथली हवा कोरडी, त्रास धुळीचा. पाना लागून डोक्यावरचं कोटिंग उडतं तिथे थोडा तांबूसपणा येतो, एवढंच.

तरी मला ते हवेत. कारण विचाराल तर हातात घेतल्यावर ती वस्तू आवडते, बस. स्वतःच्या पैशाने केलेल्या हौसेला याहून मोठं कारण मी शोधत नाही. पण चाक निघून पडेल अशी हौस नको.

म्हणून खरी पारख सुरू होते ती नुसत्या 'टायटॅनियम' या शिक्क्याच्या पुढे. ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध धातू, त्याची ताणशक्ती किमान ३४५ मेगापास्कल. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, तिथे हाच आकडा ८९५. चांगला १०.९ वर्गाचा (हा बोल्टाच्या ताकदीचा दर्जा) पोलादी बोल्ट हजाराच्या घरात. म्हणजे ग्रेड ५ सुद्धा पोलादाच्या किंचित खालीच, आणि ग्रेड २ तर चाकाजवळ आणायच्या लायकीचा नाही. खोक्यावर दोन्हींना टायटॅनियमच म्हणतात!

अण्णाकडे कुठूनसा आलेला टायटॅनियमचा तुकडा होता. त्याने तो ग्राइंडरला लावला. पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-नारिंगी, लांब उडतात. याच्या पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या. धातू ओळखायला एवढं पुरतं, ग्रेड मात्र ठिणगीतून कळत नाही. त्याला कागदच लागतो.

दुसरी गोष्ट आट्यांची. लेथवर कापलेले आटे आणि रोल केलेले आटे दिसायला सारखेच. कापताना धातूचा तंतू तुटतो, रोल करताना तो आट्याच्या तळाशी वळून दाबला जातो, आणि बोल्ट थकून तुटतो तो नेमका तिथूनच. दिवसभर आटे कापणारा अण्णाच म्हणाला, "चाकाला कापलेले घेऊ नकोस." तेव्हा मी तो मुद्दा मिटवला.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बैठक, बोल्टाचं डोकं चाकावर टेकतं तो भाग. पोर्शची बैठक गोलाकार, १४ मिलिमीटर त्रिज्येची, आणि मूळ बोल्टाला डोक्याखाली सुटी फिरणारी रिंग असते. आवळताना डोकं फिरतं, रिंग चाकाला धरून स्थिर राहते. स्वस्त सेटमध्ये डोकं आणि बैठक एकसंध. दर वेळी अलॉय चाकाची बैठक खरवडणार. फोक्सवॅगन-ऑडीचे बोल्टही एम-१४, दीड पिचचे (१४ मिलिमीटर जाडीचे, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), आटे बिनबोभाट बसतात, पण त्यांची बैठक १३ ची. हे डोळ्याला कळत नाही. शंकूच्या बैठकीचे तर विचारूच नका.

आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो; त्या ओढीवर चाक धरलेलं असतं. टायटॅनियम तेवढ्याच ओढीला पोलादाच्या जवळपास दुप्पट ताणतं, म्हणून बैठक थोडी दबली तरी ओढ कमी सुटते. हा त्याचा खरा गुण, आणि जाहिरातीत तो कोणी लिहीत नाही. अवगुण असा की कोरडं टायटॅनियम पोलादी हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, चावतं, आटे जाम होतात. आपण पान्याला लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, त्यामुळे लेप बदलला की त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या त्याच पिळाला, ओढ वेगळी पडते. मूळ बोल्टांना माझ्या गाडीत १३० न्यूटन-मीटर, तेही आट्यांना आणि डोकं-रिंगच्या मध्ये पातळ ॲल्युमिनियम पेस्ट लावून. रिंगची चाकाकडची बाजू कोरडी. नव्या बोल्टांना बनवणाऱ्याने सांगितलेला लेप आणि त्यानेच सांगितलेला टॉर्क. पंक्चरवाल्याची एअर गन या गाडीजवळ फिरकणार नाही.

रंगाचा प्रश्न पटकन सुटला. निळे-जांभळे बोल्ट फोटोत सुरेख दिसतात. तो रंग विजेने वाढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा, अगदीच पातळ. सॉकेट लागला की ओरखडे. साधे राखाडीच घेणार.

एका विक्रेत्याशी संध्याकाळी फोनवर बोललो. ग्रेड ५ चं मटेरियल सर्टिफिकेट हीट नंबरसह (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) मिळेल का विचारलं, तर "साहेब, सगळे हेच घेतात," म्हणाला. त्याला राम राम. दुसऱ्याला मेल केलाय: सर्टिफिकेट, आटे रोल केलेत का, रिंग सुटी आहे का, टॉर्क कोरडा की लेपासह. चारही उत्तरं लेखी आली तर पैसे पाठवीन. नाहीतर जुने पोलादी बोल्ट अण्णाच्या तारेच्या ब्रशने साफ करून परत लावायचे, आणि तुळजापूर रोडला सकाळी लवकर निघायचं.