दोन सूत

वही शिवून झाली, पाठीला सरस लावून वाळली की तिन्ही बाजूंनी दोन-दोन सूत कापायची, हे आमच्या धंद्यात कुणी कुणाला सांगत नाही, हातच करतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे दोन सूत पाव इंच. गेला महिनाभर मी त्या पाव इंचाचाच विचार करतोय.

सोलापूरच्या साखर पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान, वडिलांपासूनचं. पूर्वी दसरा ते दिवाळी चादरवाल्यांच्या नि आडत्यांच्या वह्या बांधायला रात्र पुरायची नाही, आता राहिलेत वकिलांची पुस्तकं नि विद्यापीठाचे थिसिस. स्पायरलनं अर्धा धंदा नेला त्याचं एवढं वाईट वाटत नाही, पण लॅमिनेशननं लोकांच्या घरातल्या जुन्या कागदांचं जे झालंय ते बघवत नाही, एकदा प्लॅस्टिकमध्ये भाजलेला कागद परत कुणाच्या बापाला सुटा करता येत नाही.

तर ताई आल्या, दोन पिशव्या घेऊन. पुण्याला असतात, जुळे सोलापुरातलं आईवडलांचं घर आवरायला आलेल्या. वडील इंडियन एअरलाइन्समध्ये पायलट होते, रिटायर झाल्यावर दोघं मुंबई सोडून परत सोलापूरला येऊन राहिले. आधी ते गेले, मागोमाग अडीच महिन्यांत काकू. एका पिशवीत साहेबांची पाच लॉगबुकं. "काका, वर्षश्राद्धाच्या आत पाहिजेत, भावाला अमेरिकेला न्यायची आहेत." दुसऱ्या पिशवीत बँकेच्या नि औषध कंपन्यांच्या फुकट मिळतात तसल्या डायऱ्या, पंचवीस-तीस असतील. "ह्या आईच्या. दूध, गहू, गॅसचा नंबर. तुमच्या रद्दीत जाऊ द्या."

साहेबांना मी एकदाच बघितलं होतं. 2023 च्या जूनमध्ये होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्याच आठवड्यात ते घराचे कागद बांधून घ्यायला आले होते. उंच माणूस, बोलणं हळू. मी म्हणलं, साहेब आता विमान येणार म्हणायचं सोलापूरला. ते म्हणाले, "उतरायच्या वाटेतला अडथळा तर गेला." एवढंच. काकू बाहेर रिक्षात बसून होत्या, त्यांनी हाक मारल्यावर लगेच गेले.

लॉगबुकं आडवी, लांबट, पुठ्ठे सुटलेले, एकाची पाठ कसरीनं खाल्लेली. एका ओळीत एक उड्डाण. तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीनं सुरू होणारा त्याचा नंबर, कुठून कुठं, सुटायची वेळ, पोचायची वेळ, दिवसाचे तास, रात्रीचे तास, शेवटी शेरा. पहिल्या वहीत फोकर नि अ‍ॅव्ह्रो, मग बोईंग 737, मग एअरबस ए300. अक्षर छापल्यासारखं, खाडाखोड नाही. मधूनमधून अधिकाऱ्याची सही-शिक्का, तास तपासले म्हणून. असली वही हातात आली की काम नीटच करावंसं वाटतं. मी सगळे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले, फाटलेल्या घड्या आतून जपानी कागदानं सांधल्या, परत दोऱ्यानं जुजबंदी केली. खळ मी अजून घरी शिजवतो, मैद्याची, मोरचूद घालून. फेविकॉलनं काम पटकन होतं पण पाठ ताठ होते, नि पुढच्या बाइंडरला ती सोडवताना कागद फाटतो. आपल्यानंतर कुणीतरी ही वही उघडणार आहे हे लक्षात ठेवून बांधायची, असं वडील म्हणायचे.

पहिल्या वहीची उजवी कड तपकिरी पडली होती. त्या कडेला, अगदी टोकाला, ओळीओळीसमोर पेन्सिलचे बारीक गोल होते, मधे टिंब. मला वाटलं घरातल्या लेकरानं केलेत. कटिंग मशीनला लावली, दोन सूत गेले, कड पांढरी स्वच्छ निघाली. बरं वाटलं, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना पिशवीतली वरची डायरी उघडली. रद्दीत टाकायच्या आधी मी चाळतो, लोकांच्या वह्यांत नोटा, पत्रं, पासबुकं निघतात. दूध होतंच, गहूही होता. पण जवळजवळ रोज खाली एक ओळ. "गाडी 3.10. दिल्ली." आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, "बेल 11.25." पुढं पेन्सिलचा बारीक गोल, मधे टिंब.

हातातला घास तसाच राहिला.

उठून लॉगबुक काढलं नि तारखा लावायला बसलो तर जुळेनात. काकूंच्या डायरीत पहाटेचं विमान 4.40 चं, साहेबांच्या वहीत आदल्या दिवशीची तारीख नि 23.10. तासभर डोकं खाजवलं, शेवटी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या बाबा सगळं जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत लिहायचे, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. मग प्रत्येक ओळ जुळली. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं की वहीतली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते नि परत जागेवर थांबलं की संपते, चाकांखालचे ठोकळे काढले ते लावले एवढीच. काकूंची वेळ दाराशी गाडी आली तिथून बेल वाजेपर्यंत. ती नेहमी मोठी.

त्या रात्री घरी गेलोच नाही, वाचत बसलो. 14 फेब्रुवारी 1990 बघितला. मुंबईहून बंगळूरला गेलेलं ए320 उतरताना धावपट्टीच्या अलीकडंच पडलं, 146 जणांतले 92 गेले. साहेबांच्या वहीत त्या तारखेला काहीच नाही, 12 नंतर एकदम 16. उडाले नाहीत तर लिहिणार काय. काकूंच्या डायरीत आहे : "हे घरी. दुपारपासून फोन थांबेना. सोलापूरहून दादांचा आला, त्यांना ह्यांचा आवाज ऐकवला. मेथी निवडायची तशीच राहिली." खाली गोल नाही. साहेब कुठं गेलेच नव्हते, त्यामुळं आलेही नव्हते.

त्याच वर्षी इराकनं कुवेत घेतल्यावर आपली लाखाच्या वर माणसं अम्मानवरून विमानानं आणली, तेव्हाच्या साहेबांच्या वहीत तीन ओळी, अम्मान ते मुंबई, शेऱ्याच्या जागी एक शब्द नाही. काकू लिहितात, "अम्मान कुठं ते मुलांच्या अ‍ॅटलासात बघितलं." चार दिवसांनी, "बेल पहाटे 5.50. निळा स्वेटर एका बाईच्या बाळाला गुंडाळायला देऊन आले. बरं केलं." लोक म्हणतात पायलटची बायको म्हणजे काय, फुकट विमान नि नोकरचाकर. ह्या डायऱ्यांत फुकट विमान मला दोनदा सापडलं. एकटीनं दवाखान्यात नेलेलं तापातलं पोर, एकटीनं केलेली संक्रांत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला यायचं ठरवून रद्द झालेलं, हे पानोपानी.

शेवटची डायरी 2025 ची. जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं त्या दिवशी, "ह्यांना गच्चीवर नेलं. खुर्चीत बसून बघितलं. काही बोलले नाहीत, माझा हात धरून ठेवला."

पहाटे कटिंगचं पोतं उपसलं. रद्दीवाला शनिवारी येतो, नशिबानं शुक्रवार होता. पाव इंचाच्या पट्ट्या, त्यात थिसिसच्या नि लग्नपत्रिकांच्या मिसळलेल्या. तपकिरी तेवढ्या वेचल्या, सपाट केल्या, पानांशी लावून क्रमानं ठेवल्या. अकरा पानांच्या सापडल्या नाहीत.

ताईंना बोलावून घेतलं नि सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं, पैसे घेणार नाही म्हणलं. त्या बराच वेळ डायरी धरून बसल्या. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं का हो हे?"

मला काय माहीत असणार. पण त्या गेल्यावर राहवलं नाही म्हणून बाकीच्या चार वह्या परत काढल्या, त्यांना अजून कटिंग लावलं नव्हतं. पहिल्या वहीत साहेबांचं शेऱ्यातलं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत जातं, काकूंनी उरलेल्या टोकात कसेबसे गोल बसवलेत. दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानापासून अक्षर कडेच्या अर्धा इंच आधी थांबतं. शब्द मोठा असला तर तोडून खाली घेतलाय, पण तेवढी पट्टी मोकळी. रिटायर होईपर्यंत, एकाही ओळीला चूक नाही. नि त्या मोकळ्या पट्टीत गोल, एकाखाली एक.

रात्री साडेदहाला फोन लावला. ताई ऐकून काही बोलल्याच नाहीत, मग फोन ठेवला, मग दहा मिनिटांनी परत केला. डायऱ्या रद्दीत द्यायच्या नाहीत, त्याही लॉगबुकांच्याच कापडात बांधा म्हणाल्या.

बांधतोय. कापायचं नाही काहीच, कडा जशा आहेत तशा. पट्ट्यांसाठी पहिल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा केलाय. त्या अकरा पानांचे गोल कुठल्या ओळीसमोर असणार ते डायरीवरून नीट काढता येतं, मी यादीही केली, ताई म्हणाल्या तुम्हीच काढा ना काका पेन्सिलनं. पेन्सिल घेऊन बसलो होतो काल. नाही झालं माझ्याच्यानं.