‘नाही’ची वही

२०२३ च्या जानेवारीत मी पुण्याच्या रविवार पेठेतल्या कापडगंजातून राणी रंगाच्या कापडाचे चार तागे उचलले. कारण काय, तर आदल्या डिसेंबरात पॅन्टोन या रंगांच्या कंपनीने ‘व्हिवा मजेंटा’ हा येत्या वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला होता आणि मी तो फोनवर बघून हुरळले होते. कोथरूडला माझं कुडत्यांचं लहानसं दुकान आहे. पडद्यामागे शिवणघर, तिथे एक कटिंग मास्तर आणि दोन कारागीर. मास्तर सोलापूरचे. तागे बघून ते एवढंच म्हणाले, “ताई, हा आपला राणी कलर की. हा तर प्रत्येकीच्या कपाटात असतोच.”

चार ताग्यांत ऐंशी मीटर कापड होतं, त्याचे बत्तीस कुडते झाले. वर्षभरात अकरा विकले गेले. मास्तर पुढे काही बोलले नाहीत, पण उरलेले एकवीस ज्या रॅकवर होते तो त्यांच्या मशीनच्या अगदी समोरच होता.

फॅशनचा अंदाज बांधणं हा जगात मोठा धंदा आहे. डब्ल्यूजीएसएनसारखी कंपनी लंडनमध्ये १९९८ पासून हेच विकते. पॅरिसला कापडाचं प्रदर्शन भरतं तेव्हा त्यातलं कापड दुकानात यायला वर्ष असतं. आपल्याकडेही निफ्ट या सरकारी फॅशन-शिक्षण संस्थेने २०२४ मध्ये भारतापुरता अंदाज देणारा ‘व्हिजिओनेक्स्ट’ उपक्रम सुरू केला. हे सगळं मी वाचलं आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं वर्ष ‘स्प्रिंग-समर’ आणि ‘ऑटम-विंटर’ असं दोन भागांत कापलेलं आहे. पुण्यात ऑटम कधी असतो? आमचा हंगाम कालनिर्णयावर ठरतो. संक्रांतीला काळा. इतर सणांना काळा पुढे केला तर बायका हात मागे घेतात, पण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोच काळा मागून नेतात. पाडवा, मग वैशाखातली लग्नं, गणपती, नवरात्र, दिवाळी. संक्रांत सोडली तर पौषात सामसूम.

आणि नवरात्राचे रंग! वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी वर्तमानपत्राने लावून दिलेली ही पद्धत, पण एवढा खात्रीचा अंदाज पॅरिसमध्येही मिळणार नाही. रंग वारावर ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपिशी यांतले. घट कोणत्या वारी बसतात ते बघितलं की बहुतेक यादी हातात. अडचण एकच. राखाडी कुडता त्या शनिवारच्या आधी दोन दिवस धडाधड जातो आणि रविवारपासून त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. एका दिवसाच्या कपड्यासाठी अडीच मीटर कापड फाडायचं हे मला पुढे पुढे पटेना. आता राखाडीत मी फक्त ओढण्या ठेवते.

वहीची गोष्टही २०२३ चीच. त्या वर्षी अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. माझ्या ते ध्यानीमनी नव्हतं. धोंड्याचं जेवण म्हणजे लेक-जावयाला कपडे, आणि माझ्याकडे जावयासाठी काही नाही. “जेन्ट्स कुडता आहे का हो?” नाही. दिवसात चौथ्यांदा ‘नाही’ म्हटल्यावर मी कंटाळून बिलबुकाच्या मागच्या पानावर रेघ मारली. महिनाअखेरीला सव्वीस रेघा होत्या.

आपण अंदाज कशावरून बांधतो? गेल्या वर्षी काय खपलं यावरून. पण खपलेल्या मालात फक्त माझ्याकडे जे होतं तेच दिसणार. जे मागितलं गेलं आणि मी दिलं नाही, त्याचं बिल फाटत नाही, त्यामुळे ते कुठल्याच हिशोबात येत नाही. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली. तारीख, काय मागितलं, कोणता साइझ, कोणता रंग. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत लिहायचं, कारण संध्याकाळी आठवून लिहिलेलं निम्मं खोटं असतं.

चार महिन्यांत वहीने पहिला धक्का दिला. मी रंगावरून रात्र-रात्र डोकं खाजवत होते आणि वहीत निम्म्याहून जास्त ‘नाही’ साइझचे होते. मी सगळे साइझ सारखे शिवायचे. स्मॉल पडून राहायचे आणि डबल एक्सेल पहिल्या आठवड्यात संपायचे. मग नोंदी यायच्या: ‘हाच हवा होता, डबल एक्सेल नाही’, ‘बाही पौणी हवी, नाही’, ‘खिसा नाही’. खिशाच्या नोंदी इतक्या झाल्या की मास्तरांनी विचारणंच सोडलं. आता प्रत्येक कुडत्याला खिसा असतो.

आता हातमाग आणि नैसर्गिक रंगाकडे कशी वळले ते. फार उदात्त कारण नव्हतं. २०२४ च्या सुरुवातीला एक कॉलेजची मुलगी दुकानात आली आणि लेबल उलटून म्हणाली, “काकू, हे कोणी शिवलं?” ढाक्याजवळची राना प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून त्यात अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यावर तिचा प्रोजेक्ट चालू होता. मी पडदा सरकवून मास्तर दाखवले. ती हसली, मग म्हणाली, “आणि कापड?” ते मला सांगता येईना. कापडगंजातून आणलं, त्याच्या मागे काय, देव जाणे.

मग शोधायला लागले. एका व्यापाऱ्याने ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ म्हणून कापड दाखवलं. मी जीओटीएसचा, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक प्रमाणपत्राचा, कागद मागितला. त्या प्रमाणपत्रात ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि सूतगिरणीपासून शिवणाऱ्यापर्यंत साखळीतल्या प्रत्येकाचा कागद लागतो. तो म्हणाला, “मॅडम, कागद मोठ्या पार्टीला. तुम्हाला कापड पाहिजे का कागद?” घरी येऊन मी त्या नमुन्याचे चार धागे काढून काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. यातल्या दोघांची वितळून टणक गोळी झाली. तेव्हापासून माझ्या लेबलवर ‘ऑरगॅनिक’ हा शब्द नाही. जे ठाऊक आहे तेवढंच लिहिते: हातमागाचं सुती, छपाई कुठली, शिलाई कोथरूड.

त्या वर्षी मी कच्छच्या अजरखपूरहून अजरख, म्हणजे नैसर्गिक रंगांत ठशांनी छापलेलं कापड, मागवलं. हे गाव २००१ च्या भूकंपानंतर वसलं. छापणाऱ्यांच्या जुन्या गावाच्या, धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, रंग बिघडायला लागले म्हणून छापणारी घरं तिथून उठून इकडे आली. पाण्यासाठी गाव हलवणारी माणसं मी पहिल्यांदाच ऐकली. खळ काढणं, हिरडा, ठसे, नीळ, मंजिष्ठा, मधूनमधून धुणं आणि उन्हात वाळवणं, असे एकामागून एक डझनभराहून जास्त टप्पे. सगळा कारभार उन्हावर. म्हणजे दिवाळीचं कापड पावसाच्या आधी छापून व्हायला हवं, आणि त्यासाठी मी रंग ठरवायचा फेब्रुवारीत!

इथे माझी खरी गोची झाली. गिरणीचं कापड सप्टेंबरात जाऊन आणता येतं, तोवर वारं कुठलं आहे ते कळलेलं असतं. झारासारख्या कंपन्या काही आठवड्यांत नवा माल दुकानात आणतात, त्यांना लांबचा अंदाज बांधायची गरजच कमी. हळू बनणारं कापड घेणाऱ्याला मात्र आठ महिने आधी भविष्य सांगावं लागतं. जितका लांबचा अंदाज तितका तो चुकणार. मी फेब्रुवारीत गडद लाल मागवला, ऑक्टोबरात सगळ्या निळा मागत आल्या. वर कापडाचा दुसरा गठ्ठा पहिल्यापेक्षा अर्धी छटा फिका, त्यामुळे एका गिऱ्हाइकाचा कुडता एका लालचा आणि ओढणी दुसऱ्या लालची. त्यांनी दोन्ही परत केली. बरोबर होतं त्यांचं.

किंमत बघून एक सदाशिवपेठी आजोबा म्हणाले, “सार्वजनिक काका १८७७ साली दिल्ली दरबाराला खादी घालून गेले होते. त्यांनी सूत स्वतः कातलं होतं. तुम्ही चोवीसशे कशाचे लावता?” मी विणकर, छपाई, शिलाई असा हिशोब सांगितला. आजोबांनी सगळा शांतपणे ऐकला आणि रुमाल घेतला. ऐंशी रुपयांचा.

त्या दिवाळीनंतर सतरा अजरख कुडते उरले. चांगले, सुरेख कुडते. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी असं सांगतात, कुडत्याला त्याहून जास्तच लागत असणार. विणकराने हाताने विणलं, कारागिराने हाताने छापलं, आणि मी ते रॅकवर टांगून ठेवलं. राणीच्या शेजारी. हातमागाचा न खपलेला कुडता आणि गिरणीचा न खपलेला कुडता यांत मला तरी तेव्हा फरक दिसेना. दोन्ही वाया.

वाट सापडली ती बेनेटनच्या जुन्या युक्तीतून. या इटालियन कंपनीने स्वेटर बिनरंगाचे विणून ठेवायचे आणि कोणता रंग चालतो ते कळल्यावर रंगवायचे, असं करून नाव कमावलं. मला वाटलं, कुडत्याचं का नाही? कोरं हातमागाचं कापड आधी घ्यायचं, कोरेच कुडते शिवून ठेवायचे, आणि वही सांगेल तो रंग शेवटी द्यायचा. भोर रस्त्याला एकजण गूळ-चुन्यावर निळीचा हौद चालवतात, ते दहा-वीस कुडत्यांची घाणीही घेतात.

कागदावर फार छान दिसत होतं. २०२५ च्या मार्चमध्ये पहिले अठरा कोरे कुडते शिवून पाठवले. परत आले ते पाहून मास्तर खाली बसले. कापड सुंदर निळं आणि प्रत्येक शिवण पांढरीशुभ्र, पाटीवर खडूने आखल्यासारखी. आम्ही नेहमीचा पॉलिस्टरचा दोरा वापरला होता आणि पॉलिस्टरला नीळ लागत नाही. गळपट्टी ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं फ्युजिंग फुगून फोड आलेले. शिवाय कापड आटलं होतं, एक्सेलचे लार्ज झाले होते. अठराच्या अठरा हातून गेले. घरच्यांना, कारागिरांच्या घरच्यांना वाटले.

पुढचे दोन महिने नुसती दुरुस्ती. कापड आधी उकळून खळ काढायची, आटवून घ्यायचं, मगच कात्री. दोरा सुती. तो जलद मशीनवर फटाफट तुटायचा, म्हणून टेन्शन सैल केलं, वेग कमी केला, आणि दिवसाला एका कारागिराचे दोन कुडते कमी झाले. फ्युजिंगच्या जागी त्याच कापडाचा दुहेरी थर. बटणं रंगवल्यानंतर लावायची.

तेवढ्यात पाऊस. एरवी पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारा मान्सून त्या वर्षी २६ मे रोजीच येऊन बसला, आणि त्याआधीही मे महिना भिजकाच होता. रंगारी काकांचा फोन आला, “बाई, वाळत नाही. दोन नगांना बुरशी धरली.” मी धसकले, पण मग लक्षात आलं की अडकलेत फक्त नमुने. कोरे कुडते माझ्या रॅकवर कोरडे होते आणि रंगाचा निर्णय अजून घ्यायचाच होता. अजरखची ऑर्डर असती तर गेलेच असते पैसे. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशी दहा-दहाच्या घाण्या काढल्या. वहीतल्या त्या महिन्याच्या पानांवर निळा आणि मातकट हिरवा सर्वांत जास्त होता, तेवढेच दोन रंग केले. हिरव्यासाठी डाळिंबाच्या सालीवर नीळ.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. एकूण चौसष्ट कुडते शिवले होते, त्यांतले नऊ कोरेच राहिले. रंगवलेले दोन उरले. नऊ कोरे म्हणजे मला तोटा वाटत नाही, ते पुढच्या रंगाची वाट बघताहेत. नफा मात्र राणीच्या वर्षापेक्षा फार जास्त झाला असं नाही. दोरा, उकळणं, जाण्यायेण्याचं पेट्रोल, सगळं खातं.

२०२६ साठी कालनिर्णय आधीच उघडलाय. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. या वेळी जावयांसाठी तीस कोरे जेन्ट्स कुडते शिवतोय, रंग एप्रिलमध्ये. सण सगळे पुढे ढकललेत, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला, म्हणजे रंगवायला ऑक्टोबरचं ऊन मिळेल.

आणि ते एकवीस राणी? गेल्या सप्टेंबरात मास्तरांच्याच डोक्यातून निघालं, निळीत बुडवून बघू. कापड जांभळं झालं. दोरा पॉलिस्टरचा, तो राणीच राहिला. जांभळ्या कुडत्यावर राणी टाके. नवरात्रात सतरा गेले, एका बाईने विचारलं हे कॉन्ट्रास्ट टाके मुद्दाम घालून घेता का. मास्तरांनी मान डोलावली.

वहीत डिसेंबरच्या पानावर तीन नोंदी आहेत. तीन वेगळ्या बायका, एकच प्रश्न: ‘राणी कलरमध्ये आहे का?’ नाही.