तुम्ही विचारलंत म्हणून: गॅस कमी, फळ जास्त

छोट्या उत्पादकांचे फळांचे सोडे मी आवडीनं आणते आणि आल्यागेल्याला चाखायला देते. त्यामुळे मला एक प्रश्न नेहमी येतो: "यातला चांगला कोणता, हे ओळखायचं कसं? आणि यात गॅस इतका कमी का?" पहिला अर्धा भाग कुतूहलाचा असतो, दुसरा बहुतेकदा तक्रारीचा. पण उत्तर दोन्हींचं एकच आहे.

बाटली उघडा, अर्धा ग्लास प्या आणि उरलेला सोडा ग्लासातच तासाभरासाठी बाजूला ठेवून द्या. गॅस जाऊ दे, गारवाही जाऊ दे. मग एक घोट घ्या. आता जिभेवर जे येईल ते त्या पेयाचं स्वतःचं. बरेच रंगीत सोडे इथे पाकासारखे लागतात, दुसरा घोट नको वाटतो. ज्यात खरंच फळ आहे, त्याचं मात्र चांगलं सरबत उरलेलं असतं. गॅस गेल्यावरही प्यावासा वाटतो तो सोडा चांगला, माझी कसोटी एवढीच.

असं का होतं? कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्यातला थोडा भाग कार्बोनिक आम्ल होतो. सोड्याची चव म्हणजे बुडबुडे फुटण्याची गंमत, असं आपण धरून चालतो. पण जिभेवरच्या ज्या पेशी आंबट ओळखतात, त्याच या वायूचीही चव घेतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. नाकात आणि घशात जो झणका बसतो, तो तर चव नव्हेच. झोंबल्याची जाणीव देणाऱ्या नसांचं ते काम. म्हणजे गॅस वाढवला की आंबटपणा वाढतो आणि चरचरही वाढते. ती झाकायला साखर वाढवावी लागते. साखर वाढली की पेय बर्फासारखं गार द्यावं लागतं, कारण गारव्यानं गोडी कमी जाणवते. या सगळ्या ओढाताणीत फळाचा वास कुठे टिकणार? नेहमीच्या कोलात एक लिटर पेयामागे साडेतीन ते चार लिटर वायू दाबून भरलेला असतो आणि १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. वायू दोन-अडीच लिटरवर आणला, की साखरही कमी करता येते आणि फळ बोलू लागतं.

मग जोरदार गॅस म्हणजे उत्तम सोडा, हे आपल्या मनात आलं कुठून? याचं बरंचसं उत्तर मला बाटलीत सापडतं. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थानं १८७२ साली गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. त्या बाटलीला वरून बूच नसतंच. आतला वायूच काचेची गोटी वर ढकलून मानेतल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो. गॅस कमी पडला तर बाटली बंदच राहणार नाही. म्हणजे तिथे जोरदार गॅस ही आधी बाटलीची गरज होती. गोटी आत ढकलताना होणारा आवाज, वर उसळणारा फेस, हेच आपल्याकडे ताज्या सोड्याचं लक्षण ठरलं. पुढे १८९२ साली विल्यम पेंटरच्या पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट झालं. त्या बुचाखाली हलका गॅससुद्धा नीट राहतो. बाटली बदलली, आपली अपेक्षा मात्र तीच राहिली.

छोट्या प्रमाणावर सोडा बनवणं आपल्याकडे नवं नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत पालनजींचा कारखाना १८६५ पासूनचा. पुण्यात कॅम्पातल्या शरबतवाला चौकात अर्देशीर १८८४ पासूनचे, काचेची बाटली परत घेऊन पुन्हा भरणारे. पारशी लग्नातली लाल रास्पबेरी, आल्याचा सोडा, आइस्क्रीम सोडा ही या घराण्यांनी जपलेली चव आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. आताचे उत्पादक वेगळी वाट धरतात ती एवढ्यासाठी, की त्यांना आपल्या भागातलं फळ बाटलीत आणायचंय.

प्रत्येक फळ मात्र सोड्यात उतरत नाही. आंबा घ्या. हापूसचा रस दाट, त्यात गराचे बारीक कण आणि पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला चिकट पदार्थ. विरघळलेल्या वायूला बुडबुडा व्हायला काहीतरी खडबडीत आधार लागतो आणि रसातला प्रत्येक कण तो आधार देतो. वर पेक्टिन त्या फेसाला धरून ठेवतं. बूच काढलं की निम्मा माल टेबलावर. रस गाळून निवळावा, तर हापूसपणाच चोथ्याबरोबर जातो. सफरचंदाचा रस सहज निवळतो, म्हणून त्याचे सोडे सगळीकडे मिळतात. लिंबाबद्दल तर बोलायलाच नको.

आणि कोकम! सोड्यासाठीच जन्मलेलं फळ असेल तर ते हे, असं माझं ठाम मत आहे. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, जात्याच आंबट, त्यामुळे गॅसच्या आंबटपणाशी त्याचं भांडण होत नाही. रस पातळ आणि पारदर्शक, म्हणून फेस आवरतो. रंग फळाच्या सालीचाच, तोही आंबट रसात छान लाल राहतो, वरून रंग घालावा लागत नाही. रातांबे पिकतात ऐन उन्हाळ्याच्या शेवटी आणि पाऊस लवकर आला तर झाडाखालीच कुजून जातात. ज्यांच्या बागेत ते दरवर्षी वाया जातात, त्यांच्यासाठी आमसुलं आणि आगळ (रातांब्याचा मीठ घातलेला रस) यांच्याखेरीज आणखी एक गिऱ्हाईक उभं राहणं ही मोठी गोष्ट आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. जांभळाच्या आणि करवंदाच्या सोड्यांकडूनही मला आशा आहे. जांभळाचा तुरटपणा हलक्या गॅसमध्ये फार छान उठतो.

घरी करून बघायचं असेल तर आगळ आणि साखरेचा पाक आधी ग्लासात एकत्र करा, गार करा आणि मग ग्लास तिरका धरून कडेनं थंड साधा सोडा ओता. वरून मीठ टाकू नका. मिठाचा एकेक कण बुडबुड्यांना वाट करून देतो आणि क्षणात सगळा गॅस उडतो. आगळात मीठ मुरलेलंच असतं. जादा दाब नसेल तर शून्य अंशाला एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू धरून ठेवतं, २० अंशाला जेमतेम ०.९ लिटर. म्हणून कोमट सोड्यातून नुसता फेस मिळतो.

बाटली घेताना मागची अक्षरं वाचा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे गॅस असलेलं फळाचं पेय म्हणवून घ्यायला किमान १० टक्के रस लागतो, लिंबासाठी ५ टक्के. दुकानातल्या कित्येक केशरी बाटल्यांवर बारीक अक्षरांत यात फळ नाही असं सरळ छापलेलं असतं. जोरदार गॅस जंतूंनाही थोडाफार रोखतो. गॅस कमी आणि रस जास्त असला की ते संरक्षण कमी होतं. मग बाटली भरल्यावर ती गरम करून निर्जंतुक करावी लागते, नाहीतर सतत फ्रीजमध्ये ठेवावी लागते. तेव्हा फुगलेलं बूच दिसलं तर बाटली घेऊच नका, आणि "थंड जागी ठेवा" लिहिलेली बाटली दुकानदारानं उन्हात मांडली असेल तरीही नको.

राहिला किमतीचा प्रश्न, तो यापाठोपाठ येतोच. रस महाग, काच महाग, गरम करण्याचा खर्च वेगळा. पण मला सर्वात जास्त खुपतो तो कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाच्या बिनगॅसच्या पेयांवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच रसात गॅस भरला की दर ४० टक्के. आधीही २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढाच होता. म्हणजे तीस टक्के कोकमाचा रस असलेली बाटली आणि फळाचा थेंबही नसलेला कोला सरकारच्या लेखी सारखेच. साखरेवर कर लावायचा असेल तर जरूर लावा, माझी काही हरकत नाही. पण मग तो साखरेच्या ग्रॅमवर लावा आणि फळाच्या टक्क्यांवर सूट द्या. कोकणातल्या एखाद्या बचत गटानं गाळलेल्या रसात थोडे बुडबुडे सोडले, एवढ्यासाठी त्याच्यावर आठपट कर बसावा हे मला अजिबात पटत नाही.