चार जीबीतला संसार

माळ्यावरचं जुनं नेटबुक आज खाली काढलं. डिस्क अवघी 4 जीबी. डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकताना डेस्कटॉपच्या (खिडक्या-आयकॉनवाल्या पडद्याच्या) पर्यायावरची टिक काढली होती, तरी 1.4 जीबी भरलेलीच! मग बसले ठाण मांडून. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर आणून देणाऱ्या ॲप्टकडे एक पॅकेज मागितलं की ते शिफारशीची आणखी चार घेऊन येतं, एकाला आमंत्रण दिलं की अख्खं घर जेवायला येतं तसं. ती शिफारस बंद केली. डाउनलोड केलेल्या पॅकेजेसचा साठा, म्हणजे कॅश, साफ केला. लोकेलच्या, म्हणजे भाषांतरांच्या, फोल्डरमध्ये तर जगभरच्या भाषा नांदत होत्या. मराठी-इंग्रजी ठेवली, बाकीच्यांना नमस्कार. अपडेटनंतर उरलेला जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तोही गेला.

आता भरलेली जागा फक्त 780 एमबी! डोक्यात हवाच गेली. हार्डवेअरला लागणाऱ्या फर्मवेअरचं पॅकेज जरा लठ्ठ दिसलं, तेही उडवलं. रीबूट केलं तर वायफाय गायब. आणि ते पॅकेज परत आणायला नेट हवं ना! शेवटी फोन यूएसबीने जोडला, त्याच्या नेटवर ते गुपचूप परत टाकलं.

आई म्हणाली, "सकाळपासून काय चाललंय तुझं?"
"आवराआवर."
"मग माळ्यावरची खोकी अजून पॅसेजमध्येच कशी?"